माझ्या पोटावरचे ठिगळ

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. पोशीर गावात भिवाजीच्या घरी, माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत मी उभी असते. तुमच्यापैकी कोणी मुंबईत राहत असेल तर त्याने कणगी पाहिलेली नसेल, म्हणून सांगते. बांबूच्या कामट्यांची विणलेली, माणसाच्या छातीइतकी उंच, पोटाशी फुगलेली आणि तोंडाशी निमुळती अशी मोठी टोपली म्हणजे कणगी. ती शेणमातीने लिंपायची, वाळवायची आणि तिच्यात भात भरून ठेवायचे. आमच्याकडे टरफलासकट दाण्याला भात म्हणतात. तो कांडला की तांदूळ होतो आणि तांदूळ शिजला की पुन्हा भात! माणसांनी एकच नाव दोनदा का वापरावे, हे मला इतक्या वर्षांत उमगलेले नाही.

बोरघाटातून आगगाडी पुण्याकडे जाऊ लागली त्या वर्षी माझा जन्म झाला. डोंगराच्या पायथ्याशी ठाकरांची वाडी आहे. तिथल्या नवशा ठाकराने मला विणले. त्याने माझ्यासाठी बांबू तोडले तेही अंधाऱ्या पंधरवड्यात, कारण चांदण्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो असे त्याच्या बापाने त्याला सांगितले होते. भिवाजीच्या अंगणात बसून तो तीन दिवस कामट्या काढत आणि विणत होता. मधूनच थांबून तो माझ्यावर थापटी मारी आणि आवाज ऐकून मान हलवी. मी फार घट्ट विणली गेले, असे सगळे म्हणाले. मला त्याचा गर्व झाला आणि खरे सांगायचे तर तो अजून पुरता गेलेला नाही.

मग भिवाजीची बायको सोनाबाई पुढे आली. शेण, वारुळाची माती आणि भाताचा कोंडा एकत्र मळून तिने मला आतून आणि बाहेरून लिंपले. एक हात वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. आठ दिवस मी अंगणात उन्हात उभी होते. शेजारणी म्हणत, "सोनाबाय, आता पुरं की गं! कणगी हाय का नवरी?" सोनाबाई उत्तर देत नसे. ती बोटाची कांडी माझ्या पोटावर वाजवून बघे आणि पुन्हा मला उन्हाकडे वळवून ठेवी.

भात भरण्याच्या बाबतीतही तिचे असेच होते. खळ्यावरून आलेल्या भाताला ती तीन उन्हे दाखवी. मग एक दाणा घेऊन दाढेखाली धरी. 'कट्' असा आवाज आला तर दाणा वाळला. नुसताच दबला तर आणखी एक ऊन. वाळलेले भातही ती लगेच भरत नसे. रात्रभर पसरून ते गार होऊ देई. गरम भात कोंडले की त्याला घाम सुटतो आणि मग ते कुजते. गार झालेल्या भाताचा एक थर, त्यावर निरगुडीचा वाळलेला पाला, पुन्हा भाताचा थर, असे करत ती मला गळ्यापर्यंत भरी. शेवटी तोंडावर पेंढा दाबून शेणमातीने ते बंद करी. किड्यांनाही आत वाट नसे आणि उंदरांनाही.

आमच्या खोलीत मी एकटी नव्हते. आढ्याला कांद्याच्या वेण्या टांगलेल्या असत. राखेत घोळलेले वाल मडक्यांत असत. कोपऱ्यातल्या वाळूत सुरण पुरलेला असे आणि शिंक्यात भोपळे लोंबत. चैत्र-वैशाखात पेंढ्याच्या अढीत आंबे येऊन पडत आणि महिनाभर सगळ्या खोलीला आपलाच वास लावून निघून जात. पाहुणेच ते! त्यांना आमच्यासारखे वर्षभर तग धरायचे नसते. उंदीरमामाही येत. पण माझ्या लेपावर नखे घासून ते मुकाट्याने मडक्यांकडे वळत.

आता माझा खरा मान कशात होता ते ऐका. घरात दोन कणग्या होत्या. दुसरी माजघरात होती आणि तिच्यातले भात रोज खाण्यासाठी निघे. माझ्यात मात्र बियाणे असे. भिवाजीचे एक खोलगट शेत होते, त्याला सगळे कोंडीचे शेत म्हणत. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी तुंबून राही. गावातले दुसरे कुठलेही बी तिथे टाकले तर रोप कुजून जाई. एक भिवाजीच्या घरचे गरवे, म्हणजे उशिरा पिकणारे, बी तेवढे त्या पाण्यात तग धरी. ते त्याच्या आज्यापासून चालत आलेले होते. शेजाऱ्याकडून उसने आणावे म्हटले तर ते शेजाऱ्याकडे नव्हतेच. घरातल्या माणसांच्या पोटाला जे लागे, त्यातले निम्मे त्याच शेतातून येई. आणि त्या शेताचे सगळे बी माझ्या पोटात असे.

म्हणून माझे तोंड वर्षातून एकदाच उघडत. पेरणीच्या मुहूर्तावर सोनाबाई आंघोळ करून येई, मला हळदकुंकू वाही आणि स्वतःच्या हाताने तोंडावरची माती फोडी. बियाण्याच्या कणगीचे तोंड घरच्या थोरल्या बाईनेच फोडायचे, तेही मुहूर्तावरच, अशी रीत होती. आधी फोडले तर घरची बरकत जाते म्हणत. आमच्या गावात ही रीत मोडलेली कोणी पाहिली नव्हती.

अशी चौदा-पंधरा वर्षे गेली. मालोजी, म्हणजे भिवाजीचा मुलगा, मोठा झाला आणि त्याचे लग्न झाले. साजगावची सुंदरा सून म्हणून घरात आली. पोरगी हातापायाने चपळ होती, पण सारखी सासूच्या तोंडाकडे बघत असायची. सोनाबाई मनाने वाईट नव्हती, पण तिच्या तोंडून शाबासकी निघणे म्हणजे उंबराला फूल दिसणे. सुंदरा अंगण सारवी, भाकऱ्या थापी, गुरांचे करी आणि मग दारात घुटमळे. सोनाबाई नुसते "हं" म्हणे. त्या 'हं'चा अर्थ काय, यावर बिचारी दिवसभर विचार करत राही.

त्यानंतरच्या वैशाखात खालापूरहून निरोप आला. तिथे दिलेल्या लेकीचे, आनंदीचे, दुसरे बाळंतपण जवळ आले होते आणि तिच्या घरी बघायला बाईमाणूस नव्हते. सोनाबाई निघाली. बैलगाडी घेऊन भिवाजीही निघाला. गाडीत बसता बसता सोनाबाई सुनेला म्हणाली, "घराकडं बघ गं. आगोटीचं सगळं तुझ्यावर हाय. आन बियाच्या कणगीला जप."

"व्हय, आत्याबाई," सुंदरा म्हणाली.

आगोट म्हणजे पावसाळ्यापूर्वीची धांदल. चार महिने बाहेर पाऊल टाकता येत नाही, म्हणून सरपण, मीठ, कांदे, सुकी मासळी, वाल, सगळ्याची बेगमी त्या दिवसांत करायची असते. सुंदराने कंबर कसली. तिने लाकडे पडवीत रचली, घराच्या भिंती लिंपल्या, कांदे निवडून पुन्हा वेण्या बांधल्या. दहा दिवसांत सगळे घर तिने असे लख्ख केले की शेजारची जनाकाकीही उंबऱ्यात थांबून बघत राहिली.

मग एके दिवशी ती दिवा घेऊन माझ्याकडे आली. माझ्या पोटावर एक बारीक चीर गेली होती. दरवर्षी उन्हाळ्यात जाते, त्यात विशेष काही नाही. पण सुंदराने ती पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. कणगीला जप, असे सासू सांगून गेली होती. लगेच तिने घमेलेभर शेणमाती कालवली, चांगली पातळ आणि भरपूर, आणि मला गळ्यापासून बुडापर्यंत लिंपून काढले. एक हात देऊन तिचे समाधान झाले नाही म्हणून वर दुसरा दिला. दुसऱ्या दिवशी तांदळाच्या पिठाने माझ्या पोटावर चिमण्या आणि रोपे काढली.

तिची काही चूक नव्हती हो. साजगावला तिच्या माहेरी बियाण्याची कणगी चुलीच्या अंगाला असे. तिथे आगोटीला भरलेली कणगी बाहेरून लिंपतच आणि चुलीच्या धगीने ती दिवसाभरात खडखडीत वाळे. इथे मी अंधाऱ्या खोलीत, भिंतीला टेकून. ना चूल, ना ऊन, ना वारा. शिवाय त्या आठवड्यात आभाळ भरून आलेले, पाऊस नाही पण हवा घामेजलेली. लेप वाळेल कुठून?

आणि मित्रांनो, माझीही एक चूक आहे, ती मी लपवत नाही. मी भुलले. इतक्या वर्षांत माझ्या अंगावर कोणी चिमण्या काढल्या नव्हत्या. सुंदराचा हात गार आणि मऊ होता, आणि लिंपताना ती माहेरची कसलीशी ओवी गुणगुणत होती. मला ओरडता येत नव्हते हे खरे, पण तेव्हा ओरडावेसेही वाटले नाही.

चार दिवसांनी मला जाग आली. भिंतीकडच्या बाजूने ओल आत शिरत होती. लेपातले पाणी उतरून बुडाशी साचले होते. तिथले दाणे आधी गार पडले, मग हळूहळू ऊबदार होऊ लागले. बी म्हणजे शेवटी झोपलेला जीवच. ओल आणि ऊब मिळाली की त्याला वाटते, पेरणी झाली. माझ्या पोटात, अंधारात, माती नसताना ते उगवायला लागले. त्याला कसे सांगू की बाबा, अजून वेळ आहे, निजून राहा?

सहाव्या दिवशी सकाळी सुंदरा कांदे न्यायला आली आणि मध्येच थबकली. खोलीत आंबूस, गोडसर वास येत होता. तिने आंब्याची अढी चाचपली, मडक्यांत नाक घातले. मग माझ्या पोटावर तळवा ठेवला. मी तापलेल्या पोरासारखी गरम होते.

तिने बांबूची एक टोकदार काडी माझ्या अंगात खुपसली आणि त्या भोकातून चार दाणे काढले. सासू करी तसा एक दाणा दाढेखाली धरला. 'कट्' झाले नाही. दुसरा धरला. तोही नुसता दबला. तिसऱ्याला पांढरा मोड होता.

सुंदराने तो दाणा मुठीत घेतला.

घरात कोणी नव्हते. मालोजी नांगराच्या फाळाला धार काढायला कर्जतच्या लोहाराकडे गेला होता, तो संध्याकाळी येणार होता. ती धावत जाऊन जनाकाकीला घेऊन आली. जनाकाकी पिकल्या केसांची, चार पावसाळे जास्त पाहिलेली बाई. तिने वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"अगं, भरल्या कणगीला का लिंपलंस?"

"आमच्याकडं लिंपत्यात, काकी. मला काय ठावं?"

"आता सोनाबाय येईतो थांब. मुहूर्ताच्या आदी तोंड फोडत नायत. आन फोडायचंच तर तिनं."

"त्या यायला अजून चार दिस हायत. तवर आत काय उरंल?"

"उरंल न उरंल. पण तू हात लावलास आन बी गेलं, तर जलमभर तुझ्या नावानं बोलतील. हात नाय लावलास, तर नशीब म्हणतील."

जनाकाकीचे बोलणे खोटे नव्हते. सुंदरा माझ्याजवळ उभी राहून कितीतरी वेळ पदराचे टोक पिळत होती.  गप्प बसली तर दोष कोणाचाच नव्हता आणि बी मात्र नक्की जाणार होते. तोंड फोडले तर कदाचित बी वाचणार होते आणि दोष सगळा तिचा.

मग तिने पदर खोचला, मला नमस्कार केला आणि उलथण्याने माझ्या तोंडावरची माती फोडली.

तोंड माझे निमुळते. त्यातून वाकून हात घातला तरी तो तळापर्यंत पोचत नसे. सुंदरा वाटीने वरचे भात काढू लागली. ते चांगले होते, पण ओल होती तळाला आणि भिंतीकडे. तिथवर पोचायला दुपार झाली असती, आणि बाहेर अंगणात ऊन होते ते आत्ता होते. मला कलंडवणे दोघींच्या ताकदीबाहेरचे होते. सुंदराने एकदा आकाशाकडे पाहिले, आत गेली आणि कोयता घेऊन आली.

"अगं बाय, काय करतीस?" जनाकाकी ओरडली.

पहिल्या घावाला माझा लेप फुटला. तिच्या चिमण्याही त्यात गेल्या. दुसऱ्या घावाला नवशाने घट्ट विणलेल्या कामट्या तुटल्या. मग तिने दोन्ही हातांनी फट ओढून रुंद केली आणि माझ्या पोटातले भात घळघळ जमिनीवर आले. मला दुखले का, असे तुम्ही विचाराल. दुखले. पण आत जे गुदमरत होते, ते बाहेर हवेत आले तेव्हा मला आधी सुटल्यासारखे वाटले. दुखणे नंतर कळले.

जनाकाकी तोंडाने "नको, नको" म्हणत होती आणि हातांनी चटया अंथरत होती. स्वतःच्या घरच्याही चटया तिने आणल्या. त्या पुरेनात तेव्हा घोंगड्या आल्या, आणि शेवटी सुंदराने पेटीतले लग्नातले लुगडे काढून अंगणात पसरले. भिंतीकडच्या भाताची ढेकळे झाली होती, त्यांना मोड फुटले होते. चार टोपल्या भरल्या त्या. त्या गुरांपुढे गेल्या. उरलेले बी दोघींनी पातळ पसरले, दर घटकेला हात फिरवला, ऊन चढले तेव्हा सावलीत ओढले आणि दुपारी आभाळ आले तेव्हा पुन्हा आत नेले.

संध्याकाळी मालोजी आला आणि घरभर पसरलेले बी पाहून दारातच उभा राहिला. सगळे ऐकून झाल्यावर तो एवढेच म्हणाला, "आता आईला काय सांगायचं?"

जनाकाकीने तोवर उत्तर शोधून ठेवले होते. "घुशीनं फाडली म्हणा. घुशी काय कमी हायत गावात? मी बी तसंच सांगीन."

मालोजीचा चेहरा एकदम हलका झाला. "व्हय, घूसच. दुसरं कोण फाडंल?"

सुंदरा खाली मान घालून भातावर हात फिरवत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "खोटं बोलले तर बी वाळंल का?"

पुढचे तीन दिवस तिने असेच काढले. ऊन दिसले की बी बाहेर, आभाळ आले की आत. चौथ्या दिवशी बैलगाडी दारात थांबली. खालापूरला आनंदीला मुलगी झाली होती, सगळे सुखरूप होते. सोनाबाई ते सांगतच ओटीवर चढली आणि पाहते तो काय! चटया, घोंगड्या, लुगडे, सगळीकडे बी. पाय न धुताच ती मागच्या खोलीत आली. माझे फाटलेले पोट तिने पाहिले.

"कणगी कुणी फाडली?"

मालोजीने तोंड उघडले, पण त्याच्या आधी सुंदरा बोलली.

"मी फाडली, आत्याबाई. आगोट म्हणून मी ती भायरून लिंपली. वल आत गेली आन मागलं बी मोडावलं. मंग मीच तोंड फोडलं. हात पोचंना, म्हणून पोट फाडलं."

सोनाबाईने माझ्या जखमेत हात घातला आणि आतून सगळीकडे फिरवला. मग चटईवरचा एक दाणा घेऊन दाढेखाली धरला. 'कट्' असा आवाज आला. दुसरा घेतला, त्याचाही आला. तिसऱ्याचा आला नाही. 

"वरून कोरडं दिसतंय," ती म्हणाली. "आतला जीव हाय का गेलाय ते कळाय पायजे." आणि ती पाय धुवायला निघून गेली.

तिने बियाण्यातले शंभर दाणे न निवडता मोजून घेतले, ओल्या फडक्यात बांधले आणि ती पुरचुंडी चुलीच्या अंगाला वाटीखाली झाकून ठेवली. तीन दिवस ती सुंदराशी एक शब्द बोलली नाही. रागावली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर बरे, असे सुंदराला झाले असेल. ती वाढी, सोनाबाई जेवी. येता-जाता सुंदराची नजर त्या वाटीकडे जाई. तिकडे शेतात राब, म्हणजे पालापाचोळा जाळून केलेली रोपांची जागा, भाजून तयार होता. गावात लोक मुहूर्ताचा दिवस बोलू लागले होते. बी जिवंत नसेल तर कोंडीचे शेत वर्षभर रिकामे राहणार होते, आणि साजगावच्या पोरीने घराचे बी बुडवले हे बोलणे पोशीरमध्ये कायमचे झाले असते.

चौथ्या दिवशी सकाळी सोनाबाईने वाटी उचलली, पुरचुंडी सुंदरापुढे टाकली आणि म्हणाली, "मोज."

सुंदराने फडके सोडले. मोजताना ती दोनदा चुकली. तिसऱ्यांदा मोजले तेव्हा मोड आलेले दाणे भरले एकाहत्तर. चांगल्या साली नव्वदाच्या वर भरत.

"एकाहत्तर," ती म्हणाली आणि तिला रडू फुटले.

सोनाबाईने तिला रडू दिले. मग म्हणाली, "दाट पेरू. मागलं चार टोपल्या गेलं, त्याला विलाज नाय. येक तुकडा पडीक ऱ्हाईल. पण माझी वाट बघत बसली असतीस, तर यातलं काय बी उरलं नसतं."

आणि ती सुंदरापुढे खाली बसली. "भरल्या कणगीला वला हात लावू नको, हे मी तुला सांगितलं नव्हतं. नुसतं जप म्हणाले आन गाडीत बसले. जप म्हणाय काय लागतं गं? कसं जपायचं ते सांगाय पायजे व्हतं."

सोनाबाईच्या तोंडून असे काही निघालेले मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. सुंदरानेही ऐकले नव्हते. तिचे रडणे आणखी वाढले, पण ते वेगळे रडणे होते.

त्या साली कोंडीच्या शेताचा एक तुकडा खरोखरच पडीक राहिला. सगळ्या हिरव्या शेतात तेवढा पाण्याचा चौकोन उघडा दिसे, आणि बांधावरून जाताना लोक विचारत. सुंदराला त्याच बांधावरून रोज जावे लागे. पहिल्या दिवशी ती मान खाली घालून गेली. नंतर कोणी विचारले की ती थांबून सांगू लागली, "मी कणगी लिंपली, त्यानं झालं. तुमी लिंपू नका."

मला काय झाले ते आता सांगते. पावसाळा सरल्यावर नवशा ठाकराला वाडीवरून बोलावले. त्याने माझी जखम पाहिली आणि हसला. "घट विणली, म्हणून कोयता लागला. ढिली असती तर हातानं फाटली असती," असे म्हणून त्याने नव्या कामट्यांचे ठिगळ माझ्या पोटावर विणले. वरून लेप दिला तरी तिथे फुगवटा राहिलाच. ठिगळाच्या कणगीत बियाणे ठेवत नाहीत, म्हणून माझा मान गेला. बियाण्यासाठी नवी कणगी आली आणि माझ्यात खाण्याचे भात भरू लागले. काही वर्षांनी भातही गेले आणि वाल आले. वाल गेले, नारळ आले. पुढे तर एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली आणि मी त्याबद्दल काही बोलू इच्छित नाही.

सोनाबाई म्हातारी होऊन गेली. सुंदरा घरची थोरली बाई झाली. तिची सून शकू घरात आली, ती कर्जत गावातली. तिने येताना रॉकेलचे रिकामे पत्र्याचे डबे आणले होते. राखेने घासून, उन्हात तापवून ते असे चकाकत की मला तिकडे बघवत नसे. उंदीर लागत नाही, लिंपावे लागत नाही, हलवायला हलके, असे त्यांचे कौतुक होई. मालोजी एकदा म्हणाला, "ही जुनी कणगी चुलीत घाल. सरपणाला तरी होईल." सुंदराने त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

कारण सुंदराला माझा एक उपयोग होता. दरवर्षी नवे भात घरात आले की ती घरातल्या आणि शेजारच्या बायकापोरींना माझ्यासमोर आणी. माझ्या ठिगळावर त्यांचा हात ठेववी आणि त्या वैशाखाची सगळी हकीकत सांगे. पिठाच्या चिमण्याही सांगे आणि एकाहत्तर दाणेही सांगे. घुशीचा सल्ला सांगितला की बायका खोखो हसत. स्वतःची फजिती इतक्या वेळा, इतक्या मोकळेपणाने सांगणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मला मात्र दर वेळी वाटे, कशाला गं बाई ती जुनी दुखणी उकरतेस?

यंदाच्या आगोटीला मला त्याचे उत्तर मिळाले. ओटीवर शेजारच्या चार बायका बसल्या होत्या. शकू मागच्या खोलीत आली, वालाचा डबा उघडला आणि झाकणाच्या आतल्या अंगाला हात लावला. तिथे पाण्याचे थेंब होते. पत्र्याला श्वास नसतो. ओले आत गेले की तिथेच कोंडते. शकूने दोन वाल दाढेखाली धरले. मग डबा तसाच उचलून ती थेट ओटीवर गेली आणि चारचौघींत म्हणाली, "आत्याबाई, माझ्या हातनं वाल वले भरले गेले. डब्याला घाम सुटलाय."

तिच्या आवाजात भीती नव्हती. 'चूल पेटवू का?' असे विचारावे, तसे तिने सांगितले.

"मोड आलेत का?" सुंदराने विचारले.

"नाय अजून."

"मंग उभी काय ऱ्हायलीस? चटया काढ. ऊन हाय अजून."

आणि ओटीवरच्या चारही बायका चटया अंथरायला उठल्या.

मित्रांनो, माझ्या कामट्या आता कुरकुरतात आणि माझे फार दिवस राहिलेले नाहीत. तेव्हा जाता जाता एवढे मागते. दाणा घरात भरण्याआधी दाढेखाली धरून बघा. भरलेल्या कणगीला ओला हात लावू नका. कोणाला काही जपायला सांगाल, तर ते कसे जपायचे हेही बसून सांगा. आणि तुमच्या हातून काही बिघडलेच, तर वास सुटेपर्यंत झाकून ठेवू नका. ऊन आहे तोवर सांगून टाका.